आपल्या वस्तीजवळचा नाला कोणी मारला?

बोरिवली स्टेशन सोडून गाडी दहिसरकडे निघाली की थोड्याच वेळात रुळांखाली काळे पाणी लागते. दारात उभे असलेले लोक नाकाला रुमाल लावतात आणि डब्यातला कोणी ना कोणी म्हणतोच, "नाला आला." तो नाला नव्हे, ती दहिसर नदी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावून मनोरीच्या खाडीला मिळणारी, जेमतेम १२ किलोमीटर लांबीची नदी. मिठी, पोईसर आणि ओशिवरा या तिच्याच बहिणी. चौघी एकाच डोंगरपट्ट्यातून निघतात, समुद्राकडे येईपर्यंत चौघींचे गटार होते आणि चौघींच्या काठी आपली कष्टकरी माणसे राहतात.

मग प्रश्न निघतो, ही घाण कोणाची? उत्तर आधीच ठरलेले असते. फोटो छापून येतो तो काठावरच्या झोपड्यांचा. सभेत बोट दाखवले जाते तेही झोपड्यांकडेच आणि पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा चिकटवल्या जातात त्याही त्याच दारांवर. उंच इमारतीच्या मागच्या भिंतीतून नदीत उतरणाऱ्या पाइपाचा फोटो मात्र आमच्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

वाचकहो, हा वाद तोंडाने सुटणारा नाही. मोजमापाने मात्र बराचसा सुटू शकतो. ओढ्याची तब्येत तपासण्याचे एक शास्त्र आहे आणि ते वाटते तितके अवघड नाही. दहावीतली मुलगी, कारखान्यात पाळी करणारा तिचा बाप, बचत गटातल्या बाया या सर्वांना जमेल असे त्यातले बरेच काही आहे. ते काय आहे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

आजारी माणूस ओळखायचा तर आधी धडधाकट माणूस पाहिलेला हवा. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कान्हेरीची लेणी पाहायला जातात. पावसाळ्यात गेलात तर लेण्यांच्या मधल्या घळीतून ओढा उड्या घेत खाली जाताना दिसतो. तो नीट पाहा. तळाशी दगडगोटे आहेत, कपारी आहेत, दोन्ही काठांवर झाडांची सावली आहे, कुठे खळखळाट आहे तर कुठे शांत डोह आहे. तिथल्या भिक्खूंना पाण्याची केवढी जाण होती, तेही पाहून घ्या. खडकावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी वळवले आहे आणि लेण्यांपाशी कोरलेल्या टाक्यांत ते साठवले आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. लेणे आणि पाण्याची पोढी यांचे दान एकत्र दिल्याच्या नोंदी त्यात आहेत. दीड-दोन हजार वर्षे झाली, तरी काही टाक्यांत आजही पाणी साठते.

ओढ्याचे आरोग्य तपासणारा जाणकार पाण्याचा रंग सगळ्यांत शेवटी पाहतो. आधी तो दगड उलटतो. कारण ओढ्याचे खरे रहिवासी दगडाखाली राहतात. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर त्या एका क्षणाचे पाणी कसे होते, एवढेच कळते. कारखान्याने रात्री दोन वाजता रसायन सोडले आणि तुम्ही सकाळी दहाला बाटली भरली, तर बाटली काय सांगणार? दगडाखालचा किडा मात्र कित्येक आठवडे, काही वेळा वर्षभर त्याच पाण्यात राहिलेला असतो. रात्री दोनचा तो साक्षीदार असतो. तो जिवंत आहे की नाही, यातच त्याची साक्ष आली.

स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या दगडाच्या खालच्या बाजूला चपटे, चपळ किडे चिकटलेले असतात. काहींच्या शेपटीला तीन केस आणि कुशीला हलणारे पातळ पडदे असतात. हे मेफ्लाय या माशीचे पिल्लू. ते पडदे म्हणजे त्याचे कल्ले, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते त्यातून घेते. दोन केसांचे आणि जरा दणकट असेल तर ते स्टोनफ्लायचे. वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे लाळेच्या रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळीसारखे घर करणारी एक अळी असते, ती कॅडिस माशीची. मुलांना ही फार आवडते. हे तिन्ही जीव नाजूक आहेत. पाण्यातला ऑक्सिजन उतरला की सर्वांत आधी यांचा वंश संपतो.

त्यानंतर येतात चतुराची पिल्ले. मुले ज्याच्या शेपटीला दोरा बांधतात तो चतुर लहानपणी पाण्यात असतो आणि डासांच्या अळ्या खाऊन वाढतो. पाणी आणखी बिघडले की गोगलगायी आणि जळवा उरतात. आणखी बिघडले की चिखलात रक्तासारख्या लाल अळ्या आणि धाग्यासारखे तांबडे किडे वळवळू लागतात. त्यांचा लाल रंग उगीच नाही. आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असते, म्हणून नावापुरत्या ऑक्सिजनवर ते जगतात. अगदी शेवटी लांब शेपटीची एक पांढुरकी अळी दिसते. ती शेपूट म्हणजे श्वासाची नळी, टोक पाण्याबाहेर काढून ती वरची हवा घेते. डासाची अळीही अशीच वरच्या हवेवर जगते. म्हणून नाला मेला की चतुर मरतो, मासे मरतात आणि डासाचे राज्य येते. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. (डेंग्यूचा डास वेगळा. तो आपल्या घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याचा दोष नाल्याला देऊन चालणार नाही.)

या किड्यांना गुण देण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बसवली गेली. चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० गुण, चतुराला ८, गोगलगाय आणि जळू यांना ३, लाल अळीला २ आणि तांबड्या धाग्यासारख्या किड्याला १. एक कूळ सापडले की त्याचे गुण एकदाच धरायचे, मग त्याचे किडे दोन असोत की दोनशे. बेरजेला कुळांच्या संख्येने भागले की सरासरी येते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच रीत आपल्याकडच्या नद्यांसाठी वापरात आणली. सरासरी ७ किंवा अधिक आली तर पाणी स्वच्छ, २च्या खाली आली तर अतिशय दूषित.

मंडळ आणखी एक गोष्ट पाहते, ती म्हणजे विविधता. याचा हिशोब मण्यांच्या माळेसारखा आहे. सापडलेले जीव पांढऱ्या ताटात एकामागून एक मांडा. शेजारचा जीव आधीच्यापेक्षा वेगळा निघाला की नवा गट मोजा, सारखाच असला तर मोजू नका. शेवटी गटांच्या संख्येला जिवांच्या संख्येने भागा. दहा जीव आणि दहाही लाल अळ्या असतील, तर गट एकच, म्हणजे उत्तर ०.१. दहाच्या दहा जीव शेजाऱ्यापेक्षा वेगळे निघाले तर १. या आकड्यावरून मेलेला आणि जिवंत ओढा सहज वेगळे करता येतात आणि त्याला लागते काय, तर घरातली जुनी मच्छरदाणी, एक पांढरे ताट आणि वही-पेन्सिल. प्रवाहाच्या खालच्या अंगाला मच्छरदाणी धरायची, वरच्या अंगाचे दगड हाताने चोळायचे, जे वाहत येईल ते ताटात घ्यायचे. मोजून झाले की जीव परत पाण्यात आणि दगड जसा होता तसा पालथा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "नाल्यात मासे आहेत, म्हणजे पाणी चांगले आहे," असे पुष्कळ जण म्हणतात. कोणते मासे, ते विचारा. डास खावेत म्हणून सोडतात ते गप्पी मासे पृष्ठभागावर तोंड आणून तिथल्या पातळ थरातला ऑक्सिजन घेतात. मांगूर तर थेट हवाच घेतो. या दोघांवरून पाण्याची परीक्षा होत नाही.

उलटही घडते. पाणी आरशासारखे नितळ असते, वास नसतो, पण दगडाखाली काहीच नसते. लाल अळीसुद्धा नाही. असे पाणी दिसले तर अधिक घाबरावे. मैल्याच्या घाणीत निदान लाल अळी जगते, विषात तीही जगत नाही. कोकणातल्या आपल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. महाडला सावित्रीच्या काठी आणि लोट्याला रासायनिक वसाहती आहेत, आणि गावोगावच्या पऱ्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारेही आहेत. त्या एका रात्रीच्या माशांपायी खालच्या दोन वाड्यांच्या पाण्यातले सगळे जीव मरतात.

आता ऑक्सिजनचा हिशोब. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. आंघोळीच्या पाण्याला निदान ५ हवा, मासे जगायला ४ हवा, असे मंडळाचे माप आहे. मग तो कमी का होतो? पाण्यात मैला आला, शेण आले, खरकटे आले की सूक्ष्म जंतू त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता ऑक्सिजन संपवतात. पंगत जेवढी मोठी, तेवढा ऑक्सिजनचा खर्च जास्त. हा खर्च मोजतात त्याला बी.ओ.डी. म्हणतात. आपल्याकडे बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो काढतात. आंघोळीच्या पाण्यात तो ३ पेक्षा जास्त नसावा. केंद्रीय मंडळाच्या २०१८च्या अहवालात मिठी नदीच्या पवई ते धारावी पट्ट्यासमोर कोणता आकडा आहे, ठाऊक आहे? २५०. शुद्ध न केलेल्या मैल्याच्या पाण्याचा आकडा साधारण असाच असतो. त्याच अहवालात देशातले ३५१ दूषित नदीपट्टे मोजले होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. २०२२च्या यादीत देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले.

ऑक्सिजनची तपासणी कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. नमुना घेताना बाटलीत दोन द्रावणे जागेवरच घालावी लागतात. ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी गाळ बसतो, अजिबात नसेल तर तो पांढराच राहतो. पुढचे आकडेमोडीचे काम प्रयोगशाळेत. विज्ञान शाखेत शिकणारी आपली मुले-मुली आता वस्तीवस्तीत आहेत. त्यांनी आपल्या प्राध्यापकांना विनंती करून हे काम प्रकल्प म्हणून घ्यावे. मोजमाप दरवेळी एकाच वेळेला करावे. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते म्हणून आकडा चढतो आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. एक नमुना पहाटेचा आणि एक दुपारचा घेतला, तर तुलना फसेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घाण कोणाची? यासाठी नमुना एका ठिकाणचा घेऊन भागत नाही, निदान तीन हवेत. एक वस्तीच्या वर, जिथे पाणी वस्तीत शिरते तिथला. एक मध्ये आणि एक वस्तीच्या खाली. समजा, वस्तीत शिरतानाच पाण्यात ऑक्सिजन १ आहे, ताटात फक्त लाल अळ्या आहेत आणि वस्तीच्या खालीही तेच आहे. मग वस्तीने नदी मारली, असे कोणत्या तोंडाने म्हणता? ती मेलेलीच आत आली. आणि समजा, वर ५ आणि खाली १ निघाला, तर आपल्या वस्तीची घाणही त्यात आहे हे मान्य करावे आणि त्याच कागदाच्या आधाराने संडास आणि मलवाहिनी मागावी. मलवाहिनी दिली नाही तर मैला जाणार कुठे?

आणखी एक खूण सांगतो, तिला यंत्र लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात जंगलातल्या ओढ्यांची धार आटते, डोह तेवढे उरतात. पण खाली शहरात नदी वाहतच असते. पाऊस नाही, झरा नाही, मग हे पाणी आले कुठून? ते नळाचे पाणी आहे. घराघरांत वापरून झालेले, मोरीतून आणि संडासातून आलेले. म्हणजे ज्याच्या घरात नळाचे पाणी जास्त, त्याचे सांडपाणी जास्त. मुंबईत कित्येक वर्षे महापालिकेचे माप असे होते की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. म्हणजे इमारतीतला एक माणूस १०८ लिटर सांडपाणी करतो आणि झोपडीतला ३६ लिटर. इमारतीची मलवाहिनी नीट जोडलेली असेल तर ते पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते, हे खरे. पण ती पावसाळी गटाराला जोडली असेल तर ते सरळ नदीत येते. ती कशाला जोडली आहे, हे शोधायचे तर मे महिन्यात काठाने चालत जा. कोरड्या दिवसांत पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी पडत असेल तर ते पाऊस नव्हे, एवढे तर शेंबडे पोरही सांगेल.

चालताना प्रत्येक पाइप वहीत लिहा. कोणत्या काठाला, केवढा रुंद, किती वाजता किती पाणी. सकाळी सहा ते नऊ या वेळात सर्वांत जास्त येते. फेस असेल तर साबण आणि कपडे धुण्याची पावडर. हिरवट पाणी आणि त्यात गवताच्या काड्या म्हणजे तबेल्याचे शेण, आणि मुंबईच्या नद्यांत हे काही थोडेथोडके जात नाही. इंद्रधनुष्यासारखा तवंग म्हणजे गॅरेजचे तेल. रंगीत पाणी एखाद्या ठरावीक वारीच येत असेल तर तो वार लिहा.

आणि काठ कसा आहे तेही लिहा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईच्या नद्यांना ठिकठिकाणी सिमेंटच्या उभ्या भिंती घालण्यात आल्या. पुराची भीती खरी आहे, आपल्या माणसांनी त्या दिवशी काय सोसले ते आम्ही विसरलेलो नाही. पण जिथे तळालाही सिमेंट ओतले, तिथे उलटायला दगडच उरला नाही, आणि दगड नाही तर किडा नाही. तिथे उद्या पाणी शुद्ध करून सोडले तरी नदी लवकर जिवंत होणार नाही. नदीचा विचार पाणी, तळ, काठ, उगम आणि मुख असा एकत्रच करावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते आणि पाटबंधाऱ्यांचे कामही त्यांच्याकडे होते. एका नदीचे सगळे खोरे एकत्र धरून नियोजन करावे, हे दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी धरलेले धोरण होते. बारा किलोमीटरच्या दहिसर नदीलाही ते लागू आहे.

काही गोष्टी निक्षून सांगतो. राष्ट्रीय उद्यानात दगड उलटणे, किडे-मासे पकडणे कायद्याने चालत नाही. तिथे डोळ्यांनीच पाहावे, आणि वाट सोडून ओढ्यात उतरू नये. बिबट्याचे ते घर आहे. दगड उलटून निरोगी ओढा शिकायचा तर दिवाळीत गावी गेल्यावर आपल्या पऱ्यावर शिकावे. पाऊस थांबल्यावर महिनाभराने पाणी उत्तम असते. भर पावसात पुराने सगळेच वाहून गेलेले असते, तेव्हाची मोजणी कामाची नाही. शहरातल्या नाल्यात लहान मुलांना मुळीच उतरवू नये. मोठ्यांनीही गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत आणि पायाला जखम असेल तर काठावरच थांबावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात पाण्यातून चालत आल्यावर ताप आणि पोटऱ्यांत कळा सुरू झाल्या तर दोन दिवस वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना सांगा.

नाल्याशेजारी विहीर किंवा बोअरिंग असेल तर तिचे पाणी वेगळे तपासावे. त्यासाठी एक स्वस्त बाटली मिळते. तिची युक्ती १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे पडले तर त्यात मैला मिसळला आहे. ते पाणी पिऊ नये, आणि उकळल्याशिवाय स्वयंपाकालाही घेऊ नये.

वहीत निदान दिवाळीनंतर एकदा, होळीच्या सुमारास एकदा आणि मेमध्ये एकदा अशा तीन नोंदी झाल्या की ती झेरॉक्स करून अर्जाला जोडावी. एक अर्ज महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात. १९७४च्या पाणी कायद्याखाली प्रदूषण रोखणे हे या मंडळाचे कामच आहे. ठरलेल्या ठिकाणी मंडळ स्वतःही नमुने घेते. आपल्या नदीचे त्यांचे आकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागता येतात, ते मागून आपल्या आकड्यांशेजारी लिहावेत. अर्जावर एकट्याची सही नको, वस्तीतल्या महिला मंडळाची आणि विहार समितीची असावी. पोच घ्यायला विसरू नका, आणि पोच मिळाल्यावर तिची एक झेरॉक्स दुसऱ्याच्या घरी ठेवा. नाल्याकाठच्या घरात पावसाळ्यात कागद टिकत नाहीत.